घटिकापात्राचे गणित : बारावीच्या प्रकल्पाच्या कामाच्या नोंदी

२ जुलै २०२४

विषय पक्का केला. बारावी विज्ञानाच्या गणिताच्या प्रकल्पाला डिफरन्शियल इक्वेशन घ्यायचे म्हटले की चहा थंड होण्याचा प्रयोग किंवा बाटलीच्या भोकातून गळणारे पाणी, हे दोन विषय ठरलेले. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांची उत्तरे आधीच माहीत असतात. घटिकापात्रात पाणी बाहेर जात नाही, आत येते, आणि भांडे स्वतः खाली सरकत असते. त्यामुळे समीकरण मांडण्यापासून विचार करावा लागतो.

ज्यांनी लग्नात घटिका ठेवलेली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : घंगाळात पाणी भरायचे, त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भोकातून पाणी वर येते, वाटी भरत जाते आणि बुडते. एकदा बुडली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्रात ६० घटिका. एका घटिकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे.

प्रश्न तीन. वाटी एकसारख्या गतीने भरते का? बुडायला किती वेळ लागेल हे आधी सांगता येते का? आणि वाटी अर्धगोलच का?

४ जुलै २०२४

समीकरण. सुरुवात सरळ भिंतीच्या डब्यापासून करायची, अर्धगोल नंतर.

अक्षरे अशी : डब्याच्या तळाचे क्षेत्रफळ क्ष, भोकाचे क्षेत्रफळ छ, वस्तुमान म (ग्रॅममध्ये, म्हणजे तेवढेच घनसेंमी पाणी), बाहेरच्या पाण्यात डबा बुडालेली खोली ख, आतल्या पाण्याची उंची प, वेळ व, गुरुत्वत्वरण ग = ९८१ सेंमी प्रतिसेकंद वर्ग.

तरंगणाऱ्या डब्याने सारलेले पाणी हे डबा आणि आतले पाणी यांच्या एकत्रित वजनाइतके. भिंत पातळ धरली तर

क्ष × ख = म + क्ष × प, म्हणून ख − प = म ÷ क्ष.

उजव्या बाजूला वेळ नाही. आतल्या आणि बाहेरच्या पातळीतला फरक (त्याला फ म्हणू) पूर्ण वेळ तेवढाच राहतो. प्रकल्पाचा गाभा इथे आहे आणि तो मुलांनी स्वतः शोधावा, आधी सांगू नये. टोरिसेलीच्या नियमाने भोकातला वेग √(२ × ग × फ), म्हणून

क्ष × (प चा वेळेशी बदलाचा दर) = स × छ × √(२ × ग × फ).

स हा प्रवाहाचा गुणांक. भोकातून जाताना धार आकसते, म्हणून धारदार कडेच्या भोकाला तो ०.६ च्या आसपास येतो. उजवी बाजू स्थिर आहे, तेव्हा इंटिग्रेशन केले की सरळ रेषा मिळते. बाटलीतून पाणी गळताना पातळी जसजशी उतरते तसतशी धार मंदावते आणि वेळेचा आलेख वाकतो. सरळ भिंतीच्या घटिकापात्रात तसे होत नाही.

बाहेरच्या घंगाळातली पातळीही बदलत नाही. जेवढे पाणी आत गेले तेवढेच जास्त पाणी डबा सारतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येण्यासारखा आहे.

९ जुलै २०२४

भांड्याची निवड. उंच पेला चालत नाही, आणि का ते आकड्यांनी दाखवता येते. ८ सेंमी व्यासाचा, १० सेंमी उंचीचा, १२० ग्रॅमचा स्टीलचा पेला रिकामा पाण्यात ठेवला तर २.३ सेंमी बुडतो. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून ४ सेंमीच्या वर. तरंगण्याचा मेटासेंटर (गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तरच वस्तू सरळ तरंगते) येतो २.९ सेंमीवर. गुरुत्वमध्य वर आणि मेटासेंटर खाली, म्हणजे पेला आडवा होणारच. हाताने सरळ धरून सोडण्यात वेळ घालवू नये.

घेतलेला डबा : आतला व्यास १२ सेंमी, उंची ६ सेंमी, पत्रा अर्धा मिमी, वजन १३४ ग्रॅम. जेवणाच्या डब्याचा एक पुडा साधारण याच मापाचा मिळतो. काठ बाहेर वळलेला नको, साधा सरळ हवा. जुन्या ज्योतिषग्रंथांत घटिकापात्राचे माप सहा अंगुळे उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद असे येते. आपला डबाही नेमक्या त्याच प्रमाणात आहे.

घंगाळ म्हणून माशांची काचेची टाकी घ्यावी, निदान १५ सेंमी पाणी राहील अशी. टाकी अरुंद असेल तर डबा भिंतीकडे ओढला जाऊन चिकटतो. चारही बाजूंनी ८–१० सेंमी मोकळे पाणी ठेवावे.

१२ जुलै २०२४

भोक पाडले, २ मिमी. हे काम घाईचे नाही. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा, मध्यावर सेंटर पंचाचा ठोका, मग हॅन्ड ड्रिलला २ मिमीचे बिट. ड्रिल नेहमी बाहेरून आत चालवावे. पत्रा फाटून उठलेली कड (बर) ड्रिल जिथे बाहेर पडते तिथे राहते, आणि ती डब्याच्या आतल्या बाजूला असलेली बरी. पाणी ज्या बाजूने भोकात शिरते ती कड धारदार आणि सपाट राहिली पाहिजे. बर बाहेर राहिली तर गुणांक ०.५ कडे घसरतो. उलट, बाहेरची कड पॉलिश पेपरने घासून गोल केली तर तो ०.९ च्याही वर चढू शकतो. म्हणजे त्याच २ मिमीच्या भोकाने वेळ निम्म्याच्या जवळ येऊ शकतो. दोन गटांनी सारखेच बिट वापरूनही वेळ वेगळा आला तर पहिल्यांदा भोकाची कड भिंगाखाली बघावी.

भोकाच्या व्यासातली चूक किती महागात पडते हे ॲप्रॉक्सिमेशनच्या धड्यातून काढता येते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून सापेक्ष चूक दुप्पट. २ मिमीत ०.१ मिमीची चूक म्हणजे व्यासात ५ टक्के, वेळेत १० टक्के. साध्या पट्टीने भोक मोजून अहवालात व्यास लिहिणे म्हणूनच निरर्थक आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप मागून घ्यावा आणि एकमेकांना काटकोनात दोन व्यास मोजावेत. भोक थोडे लंबगोल झालेले असते.

१६ जुलै २०२४

पहिली चाचणी. डबा रिकामा सरळ तरंगतो, पण तळावर पाण्याचा पातळ थर आला की एका बाजूला कलतो. आतले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि डब्याला आणखी कलवते. थोडे आणखी भरल्यावर तो परत सरळ होतो.

याचेही समीकरण सुटते. डब्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य तळापासून झ उंचीवर असेल, तर आत पाणी असलेला डबा सरळ राहण्याची अट येते

प > झ − फ/२.

(पातळ भिंतीला आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पृष्ठभागांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडतात, म्हणून अट एवढी सुटसुटीत.) आपल्या डब्यात झ = २.० सेंमी, फ = १३४ ÷ ११५ = १.१७ सेंमी. म्हणजे आत १.४ सेंमी पाणी येईपर्यंत कलणार, आणि दिसतेही साधारण तसेच.

उपाय अटीतच आहे : झ खाली आणा, फ वाढवा. दोन्ही एकाच गोष्टीने होते, तळाला वजन देऊन. लोखंडी वॉशर भोकाभोवती गोलाकार मांडून एम-सीलने बसवले, एकूण १५० ग्रॅम. भोकापासून एक सेंमी तरी अंतर ठेवले. आता झ सुमारे १.१ सेंमी आणि फ/२ त्याहून थोडा जास्त. अट शून्य पाण्यापासूनच पूर्ण होते, डबा कलत नाही. एम-सील पूर्ण कडक व्हायला रात्रभर ठेवावे.

१९ जुलै २०२४

वजन वाढल्यावर फ पुन्हा काढावा लागतो, आणि इथे सहज चूक होते. नवे वजन २८४ ग्रॅम. बाहेरचा व्यास १२.१ सेंमी धरून क्षेत्रफळ ११५ चौसेंमी. २८४ ÷ ११५ = २.४७, असे लिहून पुढे जाऊ नये. वॉशर स्वतः १९ घनसेंमी जागा व्यापतात, तेवढे पाणी आत कमी. उपयोगाचे वस्तुमान २६५, भागाकार २.३०. त्यातून तळाच्या पत्र्याची अर्धा मिमी जाडी वजा, कारण ख बाहेरच्या तळापासून मोजतो आणि प आतल्या. फ = २.२५ सेंमी.

भिंत अगदी पातळही नाही. बाहेरचे क्षेत्रफळ ११५ आणि आतले ११३, म्हणून पाणी साडेतीन सेंमी चढेपर्यंत फ २.२५ वरून २.१९ वर येतो. वेगात एक-सव्वा टक्क्याचा फरक. आलेखात दिसणार नाही, पण अहवालात एका ओळीत नोंदवावा. सरासरी २.२३ घेतला.

अंदाज : वेग √(२ × ९८१ × २.२३) = ६६.१ सेंमी प्रतिसेकंद. भोकाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौसेंमी. स = ०.६ धरला तर दर सेकंदाला १.२५ घनसेंमी पाणी आत, म्हणजे डबा अर्धा सेंमी खाली जायला ४६ सेकंद. चाचणीच्या आधी हा आकडा तारखेसह वहीत लिहून त्यावर शिक्षकांची सही घ्यावी. अंदाज आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रम दिसला की प्रकल्पाला वजन येते.

२३ जुलै २०२४

मोजमाप. डब्याच्या बाहेरच्या भिंतीवर पर्मनंट मार्करने तळापासून दर अर्ध्या सेंमीला रेघ, चारही बाजूंना. आत पट्टी उभी करून प मोजायच्या भानगडीत पडू नये, ख मोजला की पुरते. मोबाइल टाकीच्या बाहेर, भिंगाची उंची पाण्याच्या पातळीइतकी, स्टँडवर. व्हिडिओ घेऊन नंतर थांबवत वेळ वाचावी. स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूक त्यातून जाते. पाणी स्टीलला दोन-तीन मिमी वर चिकटलेले दिसते, म्हणून रेघ पाण्याच्या सपाट पातळीशीच जुळवावी, चिकटलेल्या काठाशी नाही.

सुरू करताना आत आधीच चमचा-दोन चमचे पाणी घालून भोक ओले करून घेतले (कारण १ ऑगस्टच्या नोंदीत). वेळ मोजायला सुरुवात ३.० च्या रेघेपासून.

३.५ ला ४४ सेकंद, ४.० ला ८७, ४.५ ला १३१, ५.० ला १७५, ५.५ ला २२०. बुडाला २७५ ला.

पहिले आकडे सरळ रेषेत बसतात. ३.० ते ५.५ मध्ये २.५ × ११५ = २८७.५ घनसेंमी, २२० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १.३१. यातून स = ०.६३. भोकाची कड चांगली निघाली आहे.

शेवटचा आकडा रेषेवर नाही. हिशोबाने ६.० ला २६४ च्या आसपास बुडायला हवा होता. डब्याचा काठ पाण्याच्या पातळीखाली गेल्यावरही पृष्ठताण मिलिमीटरभर पाणी काठाशी अडवून धरतो, आणि तेवढे आणखी खाली जायला दहाएक सेकंद लागतात. टाकीला धक्का लागला तर पाणी लगेच आत कोसळते. म्हणून बुडण्याच्या वेळेत चढउतार जास्त दिसतो, रेघांच्या वेळेत कमी. उताराचा आकडा रेघांवरूनच काढावा.

२६ जुलै २०२४

अंदाज आणि मोजमाप जुळवायला स हाताशी असला की काहीही जुळते, असा आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तर : स ज्यात येतच नाही अशी चाचणी. आत ५० ग्रॅमचे पितळी वजन ठेवले. त्याने व्यापलेले ६ घनसेंमी वजा करून उपयोगाचे ४४. फ २.२३ वरून २.६१. वेग फ च्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून अर्ध्या सेंमीचा वेळ ४४ वरून ४० ते ४१ सेकंदांवर यायला हवा. ४१ आला. भोक तेच, कड तीच, स गुणोत्तरात उडून गेला. संपूर्ण प्रकल्पात आमच्या मते सर्वांत भक्कम पुरावा हाच. अहवालात त्याला स्वतंत्र पान द्यावे.

३० जुलै २०२४

अर्धगोल. बाजारातल्या वाट्यांचे तळ चपटे असतात, गोल तळाची वाटी शोधावी लागते. पुठ्ठ्यातून ६ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापून दुकानात बरोबर न्यावे आणि आत बसवून बघावे. तळाला ३ सेंमी व्यासाचा चपटा भाग असला तरी हरकत नाही. त्याने एक घनसेंमीहून कमी घनफळ जाते.

वाटी १०० ग्रॅम, त्रिज्या त्रि = ६ सेंमी. तळापासून ख उंचीपर्यंतचे घनफळ पाय (π) × ख² × (त्रि − ख/३). तरंगण्याची अट : ख चे घनफळ = १०० + प चे घनफळ. आता ख − प स्थिर नाही, आणि ख काढायला घन समीकरण सोडवावे लागते. एक्सेलमध्ये न्यूटनची पद्धत : ख च्या जागी ख − (घनफळातला फरक) ÷ (पाय × (२ × त्रि × ख − ख²)). तीन-चार फेऱ्यांत उत्तर स्थिर होते.

फ असा येतो (सगळे सेंमी) : प शून्य असताना २.४८, १ ला १.७१, २ ला १.२९, ३ ला १.०७, ४ ला ०.९५, ५ ला ०.८९. प ५.११ झाला की काठ पाण्याला टेकतो. म्हणजे पाणी आत येण्याचा दर शेवटी सुरुवातीच्या ६० टक्के उरतो. एकसारखे भरण्याचा सरळ भिंतीचा गुण इथे गेला.

एकूण वेळ ट्रॅपेझॉइडल नियमाने : प्रत्येक टप्प्यातले घनफळ भागिले त्या टप्प्यातला सरासरी दर, आणि बेरीज. २ मिमीचे भोक आणि स = ०.६ धरून सुमारे ४०४ सेकंद, स = ०.६३ ला ३८५.

मग अर्धगोलाचा फायदा काय? वॉशर लागत नाहीत. पाण्याचा दाब पृष्ठभागाला नेहमी लंब असतो, आणि गोलाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक लंब केंद्रातून जातो. आतल्या पाण्याचाही, बाहेरच्याही. त्यामुळे वाटी कलली तरी पाणी तिला फिरवू शकत नाही. फिरवणारे एकच बल उरते, वाटीचे स्वतःचे वजन. तिचा गुरुत्वमध्य केंद्राच्या ३ सेंमी खाली, म्हणून ते वजन तिला सरळच करते, कितीही पाणी आत असो. डब्याला लागलेली अट, वॉशर, एम-सील हे सगळे एका आकाराने वाचते. आलेख किंचित वाकला म्हणून घड्याळाचे काही बिघडत नाही, कारण घटिका मोजताना फक्त बुडण्याचा क्षण लागतो.

१ ऑगस्ट २०२४

वाटीला २४ मिनिटे हवी असतील तर भोक जेमतेम १ मिमीचे लागते. ते करू नये. कोरड्या भोकातून पाणी वर यायला आधी पृष्ठताणावर मात करावी लागते. २ मिमीच्या भोकाला त्यासाठी सुमारे १.५ सेंमी पाण्याचा दाब लागतो, १ मिमीला २.९ सेंमी. आपल्याजवळ सुरुवातीला आहे २.४८. पत्र्याला तेलाचा हात लागलेला असेल तर भोकात पाण्याचा फुगीर थेंब दिसतो आणि तिथेच थांबतो. भोक ओले करून घेतले की अडथळा जातो. वाटी साबणाने धुवून भरपूर पाण्याने खळबळावी. साबण राहिला तर पृष्ठताण बदलतो आणि काठाची वेळही बदलते.

बारीक भोक एखाद्या कणानेही तुंबते. लीलावतीच्या मोत्याची गोष्ट (भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नात घटिकापात्राच्या भोकात मोती अडकला आणि मुहूर्त टळला) कोणीतरी काढेलच. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून आलेली आहे, अहवालात इतिहास म्हणून लिहू नये.

भास्कराचार्यांचे (जन्म १११४) जे लिहायचे ते वेगळे आहे. त्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणीत घटिकापात्राचे छिद्र मोठे ठेवायला सांगितले, छिद्र पाडायच्या सुईचे माप दिले नाही. पात्र अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा, म्हणजे त्या पात्राचे मान मिळेल, ही त्यांची रीत. आजच्या भाषेत हे कॅलिब्रेशन. भोकाच्या व्यासाची दुप्पट चूक, कडेचा गुणांक, काठाचा पृष्ठताण, हे सगळे एका भागाकारात सामावून जाते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा १२०७ चा शिलालेख आहे. नाशिक-जळगावकडच्या गटाला तिथे जाऊन फोटो घेता येईल.

६ ऑगस्ट २०२४

वाटी ३९० सेकंदांच्या आसपास बुडते. लक्ष्य ३६० ठेवले : ६ मिनिटे, म्हणजे १५ पळे, चार बुडण्यांची एक घटिका. वजन वाढवून वेळ कमी करता येतो, भोक मात्र पुन्हा लहान करता येत नाही. म्हणून पहिली वाटी थोडी सावकाश बुडणारीच असावी.

एक्सेलच्या तक्त्यात वजन बदलून पाहिले तर दर ग्रॅमला वेळ पाऊण टक्क्याने कमी होतो. ८ टक्के कमी करायला १० ग्रॅम. सोल्डरची तार तळाशी गुंडाळून बसवली. कात्रीने अर्धा ग्रॅम कापता येते, हा तिचा फायदा. दर बदलानंतर पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी, एका मोजणीवर तार कापू नये.

एक गोष्ट राहून जाते : बुडलेली वाटी काढून, रिकामी करून पुन्हा सोडायला तीन सेकंद धरले, तर दिवसाच्या २४० बुडण्यांत १२ मिनिटे जातात, म्हणजे अर्धी घटिका. दोन सारख्या वाट्या ठेवाव्यात. एक बुडाली की दुसरी लगेच सोडायची. दुसऱ्या वाटीचे भोक वेगळे असणार, तिची तार तिच्यापुरती वेगळी कापावी.

९ ऑगस्ट २०२४

अहवालाचा क्रम : डब्याचे समीकरण, फ ची दुरुस्ती, आधी लिहिलेला अंदाज, मोजमापाचा तक्ता आणि आलेख, ५० ग्रॅमची चाचणी, कलण्याची अट, अर्धगोलाचा तक्ता, कॅलिब्रेशन. एक्सेलचा छापील तक्ता जोडताना एका ओळीचे गणित हाताने करून दाखवावे. प = २ ची ओळ सोयीची आहे, घनफळ ६७ घनसेंमी येते.

परीक्षेच्या दिवशी बरोबर न्यायचे : टाकी, दोन वाट्या, वॉशर बसवलेला डबा, वॉशर नसलेला दुसरा डबा (कलणे दाखवायला), ५० ग्रॅमचे वजन, २ मिमीचे बिट (भोक साफ करायला, हाताने फिरवून), फडके, आणि गाळलेले पाणी.